एकतिसावा दिवस: गावात बी.पी. आटोक्यात ठेवायचं कसं

बी.पी.ची गोळी तीस दिवसांची मिळते आणि गावाच्या बी.पी.चं काय होणार ते एकतिसाव्या दिवशी ठरतं. त्या दिवशी माणूस उपकेंद्रात आला तर ठीक. नाही आला आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, तर आधीची सगळी धडपड वाया जाते. तपासणीची शिबिरं गावोगाव भरपूर होतात, एका दिवसात दोनशे जणांचं बी.पी. मोजून होतं, पण दोन महिन्यांनी त्यातले किती जण गोळी खातात असं विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून इथली सगळी मांडणी एकतिसाव्या दिवसाभोवती आहे. ती कोल्हापूर भागातल्या गावांसाठी आहे: आशाताईंसाठी, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी, दूध संस्थेच्या सचिवांसाठी, तालमीच्या पोरांसाठी, बचत गटासाठी आणि घरात बी.पी.चं माणूस असलेल्या कुणासाठीही आहे.

आधी कामाचा आवाका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांचं बी.पी. वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळी चालू होती. एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती असते. त्यात पंधरा वर्षांवरचे साडेसातशे धरले, तर दीडशेच्या वर माणसं निघतात. तुमच्या वहीत चाळीसच नावं असतील, तर गाव निरोगी आहे असं समजू नका. बाकीची माणसं अजून सापडायची आहेत.

माणसं सापडायची कुठं

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची नोंद घरोघरी करायची ही सरकारी पद्धतच आहे. बायका घरी भेटतात, म्हातारी माणसंही भेटतात. निसटतात ते तीस ते पन्नासमधले बाप्ये. दिवसा ते रानात असतात, एमआयडीसीत असतात, इचलकरंजीत मागावर असतात. हीच माणसं उद्या अर्धांगवायूनं पडली की घर बसतं.

त्यांना गाठायची हुकमी जागा म्हणजे दूध संस्था. सकाळी आणि संध्याकाळी किटली घेऊन घरातलं कुणीतरी येतंच. संस्थेच्या दारात खुर्ची, टेबल आणि मशीन मांडलं, तर आठवडाभरात गावातल्या बहुतेक दूधवाल्या घरांपर्यंत पोचता येतं. पण किटली खाली ठेवली आणि लगेच पट्टा बांधला, असं करायचं नाही. किटली उचलून आलेल्या, तोंडात तंबाखू असलेल्या आणि वाटेत चहा घेतलेल्या माणसाचा आकडा खरा येत नाही. आधी चूळ भरायला सांगा. चहा किंवा तंबाखू होऊन अर्धा तास झाला नसेल, तर "आबा, दूध घालून या, मग निवांत बसा" म्हणा आणि दुसऱ्याला घ्या.

मोजणं: सगळ्यात जास्त चुका इथंच होतात

मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. मनगटाचं मशीन हाताच्या जराशा हालचालीनं चुकतं. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. बहुतेक मशिनांसोबत येतो तो नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. तालमीत कमावलेल्या किंवा स्थूल माणसाचा दंड यापेक्षा जाड असतो. त्याला लहान पट्टा आवळला की बी.पी. नसताना आहे असं दिसतं. शिंप्याची टेप जवळ ठेवा, दंडाच्या मधोमध घेर मोजा आणि उपकेंद्रात एक मोठा पट्टा मागून ठेवा.

बसवायची रीत अशी. पाठ टेकलेली हवी. प्लॅस्टिकचं स्टूल असेल तर ते भिंतीला लावा. पाय जमिनीवर सपाट हवेत. बुटक्या बाईचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, तेव्हा पायाखाली पाट द्या. पायावर पाय टाकलेला नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा. तुंबलेल्या लघवीनं वरचा आकडा सहज दहानं चढतो. मग पाच मिनिटं गप्प बसवा. ही पाच मिनिटं रांगेच्या भीतीनं कुणी देत नाही, आणि निम्मे खोटे आकडे तिथंच तयार होतात. यावर सोपा उपाय आहे. मशीनशेजारी तीन खुर्च्या ओळीनं मांडा. पहिल्या खुर्चीतल्याचं मोजून होईपर्यंत मागचे दोघे बसून राहतात, त्यांचा विसावा आपोआप होतो.

हात टेबलावर, दंड छातीच्या बरोबरीनं हवा. टेबल बुटकं असेल तर कोपराखाली घडी घातलेली शाल किंवा उशी ठेवा. हात मांडीवर ठेवून मोजलं तर आकडा वाढीव येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, खालची कड कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर. पुरुषांचा लांब बाहीचा सदरा असेल तर हात बाहीतून काढायला लावा. बाही वर दुमडली की तिचाच दंडाला फास बसतो. पट्ट्याखाली एखाददुसरं बोट जाईल इतपतच आवळा. मशीन चालू असताना त्यानं बोलायचं नाही आणि तुम्हीही त्याला ऊस गेला का म्हणून विचारायचं नाही.

दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ द्या आणि दोन्ही आकडे लिहा. त्यांची सरासरी धरायची. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांना मोजा आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तो हात कायमचा ठरवून कार्डावर "उजवा" किंवा "डावा" लिहून टाका. १४७ आला तर १४७च लिहा. वहीत सगळीकडे १४०/९०, १३०/८०, १२०/८० असे गोल आकडे दिसले, तर कुणीतरी मोजण्याऐवजी अंदाज लिहिलेत असं समजा.

मशिनाचे सेल उतरले की ते मध्येच थांबतं किंवा एरर दाखवतं. सेलचा एक जोड कायम पिशवीत असू द्या. सेलचा खर्च कोण करणार यावर काम अडलेलं दिसतं. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय मांडा, तो त्यांचाच आहे. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तपासलेल्या मशीनशी आपलं मशीन ताडून बघा: एकाच माणसाचं, त्याच हाताचं, दोन मिनिटांच्या अंतरानं.

आकडा आला, पुढं काय

१४०/९० च्या खाली असेल तर वर्षभरात पुन्हा मोजायचं. मात्र त्यातही वरचा १३० ते १३९ किंवा खालचा ८५ ते ८९ आला तर तीन-सहा महिन्यांतच बोलवा आणि मिठाचं बोलणं आजच काढा. १४० किंवा ९० यांपैकी एकही गाठला असेल तर दुसऱ्या दिवशी परत मोजा. वेगवेगळ्या दोन दिवशी तसाच आला, तर डॉक्टरांकडे पाठवायचं. १८०/११० किंवा वर आला तर पाच मिनिटं बसवून परत मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. "पुढच्या सोमवारी जातो" हे ऐकून घ्यायचं नाही, कुणाची तरी गाडी लावून द्या.

दवाखान्यात पाऊल टाकलं की काहींचं बी.पी. चढतं. त्यांच्यासाठी घरचं मोजणं हा चांगला उपाय आहे. सात दिवस, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी दोन आकडे, संध्याकाळी जेवणाआधी दोन आकडे. पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत हद्द १३५/८५ ची असते, दवाखान्यापेक्षा कमी. हा फरक न कळल्यामुळं घरी १३८ दाखवणारा माणूस निश्चिंत राहतो.

"मला काय सुद्धा हुईत न्हाय, मग गोळी कशाला?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रागानं झटकण्यासारखा नाही. माणसाला खरंच काही होत नसतं. त्याला पाईपलाईनचा दाखला द्या. रानातल्या पाईपात दाब जास्त झाला की पाईप लगेच फुटत नाही. वर्षभर चालतो, सांधे आतून झिजतात आणि एक दिवस फुटतो तो ऐन पाण्याच्या पाळीच्या वेळी. मेंदू, डोळे, हृदय, मूत्रपिंड ही त्या पाईपाची तोंडं. शेतकऱ्याला एवढं लगेच पटतं.

खोकं, कार्डं आणि दुधाचं बिल

चपलांचं रिकामं खोकं घ्या. आत उभे राहतील असे पुठ्ठ्याचे ३१ तुकडे करा आणि वर १ ते ३१ आकडे टाका. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. त्यावर नाव, गल्ली, फोन, कोणता हात, आजचं बी.पी., दिलेल्या गोळीचं नाव आणि संख्या, आणि पुढची तारीख. मागच्या भेटीपेक्षा पुढच्या तारखेला महत्त्व जास्त. समजा माणूस ५ तारखेला येणार आहे, तर कार्ड ५ च्या पुठ्ठ्यामागं. तो आला की नवी तारीख टाकून कार्ड पुढं सरकवा. संध्याकाळी ५ च्या मागं जी कार्डं उरली, ती न आलेली माणसं. वही चाळत बसायला नको, शोधाशोध नको. मोबाईलवरच्या पोर्टलवर नोंद करावी लागते ती कराच, पण रोजचं काम या खोक्यावर जास्त सुटसुटीत होतं.

उरलेल्या कार्डांवर तीन दिवसांत फोन. सातव्या दिवसापर्यंत नाही आला तर दारात. यापेक्षा उशीर केला तर त्याच्या मनानं गोळी सोडलेली असते. मग पुन्हा सुरुवात करायला दुप्पट बोलावं लागतं.

तारीख लक्षात राहावी म्हणून ती दुधाच्या बिलाला बांधा. बिल दहा दिवसांनी निघतं. तिसरं बिल म्हणजे महिना. "तिसऱ्या बिलाला गोळ्या" एवढं सांगितलं की पंचांग बघावं लागत नाही. संस्थेच्या सचिवानं बिल देताना "आक्का, गोळ्यांचा दिवस आलाय" एवढंच म्हणायचं. मात्र त्या माणसाची आधी परवानगी घ्या आणि ते हळू आवाजात म्हणा. बी.पी.वाल्यांची नावं फळ्यावर लिहू नका. लग्नाच्या वयाची पोर घरात असलेला बाप त्या फळ्यामुळं यायचाच बंद होतो. बी.पी.चे आकडे सचिवाकडे द्यायचं काहीच कारण नाही, कार्डं आशाताईंकडेच राहतील.

घरी गेल्यावर "गोळ्या घेता न्हवं?" असं विचारलं तर उत्तर एकच येतं. त्याऐवजी "पाकीट बघू जरा" म्हणा आणि मोजा. ३० गोळ्या देऊन वीस दिवस झाले तर दहा उरायला हव्यात. सोळा उरल्या असतील तर सहा दिवस चुकलेत. रागवू नका. रागावलात की पुढच्या वेळी ती माऊली सहा गोळ्या चुलीत टाकून पाकीट दाखवेल. का राहिल्या ते विचारा. कारणं ठरलेलीच असतात: लेकीकडे गेले होते, पाकीट घरी राहिलं, रात्रपाळी होती, उपास होता, पाय सुजले, शेजारीण म्हणाली सवय लागते. प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. लेकीकडे जाणाऱ्याला पाच गोळ्यांची पट्टी कापून पिशवीत ठेवायला सांगा. रात्रपाळीवाल्याला घड्याळाची वेळ देऊ नका. पाळीवरून आल्यावर आंघोळ झाली की गोळी, असं एखाद्या कामाला जोडा. उपासालाही गोळी चालते, ती अन्न नाही. ज्याला पाणीसुद्धा चालत नसेल, त्यानं उपास सोडताना घ्यावी, आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निर्जळी उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

ऊसतोडीच्या हंगामात गावात उतरलेल्या टोळ्याही आपल्याच हद्दीतल्या. त्यांच्यातल्या कुणाकडे गावाकडच्या दवाखान्याची चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट असेल, तर ते दाखवून इथल्या सरकारी केंद्रात औषध मिळतं. त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, संध्याकाळी उशिरा किंवा कारखाना बंद असेल तेव्हा जा. पहाटेपासून माणसं फडात असतात.

गोळ्यांबद्दल खरं काय

गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी त्यांच्या चिठ्ठीवर पुढच्या महिन्याच्या गोळ्या देतात आणि गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. सरकारी केंद्रात बहुतेक वेळा अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाटे मीठ काढणारी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड मिळते.

अॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. ही सूज बहुधा औषधाची असते, पण दम लागत असेल किंवा एकच पाय सुजला असेल तर लगेच दाखवायचं. एरवीही ही गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. टेल्मिसार्टन ओल धरते. पाकिटातून खायच्या वेळीच काढायची, आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवायची नाही. राधानगरी, गगनबावड्याच्या पावसात तर मुळीच नाही. ही गोळी गर्भारपणात चालत नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ती चालू असेल तर पाळी चुकताच नर्सबाईंना सांगायला हवं, म्हणजे डॉक्टर दुसरी देतील. लघवीची गोळी सकाळी घ्यावी, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. जुलाब-उलट्या लागल्या असतील तेव्हा लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात.

एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवलं तर एकच घ्या, दोन एकदम नकोत. "बी.पी. नॉर्मल आलं, आता बंद करतो" हे फार ठिकाणी घडतं. गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल आलेलं असतं.

उलट चूकही होते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माणूस रोज गोळी घेतो, महिन्याला न चुकता येतो, बी.पी. १५६ ते १६०, आणि सहा महिने तीच गोळी त्याच मात्रेत चालू. त्याची हजेरी पूर्ण असते म्हणून सगळे समाधानी. पाकीट मोजून गोळ्या नीट घेतल्याचं दिसलं आणि तरी दोन भेटींत १४०/९० च्या वर आहे, तर कार्डावर लाल खूण करून डॉक्टरांसमोर ठेवा. मात्रा वाढवायची की दुसरी गोळी जोडायची, ते तेव्हाच ठरायला हवं. ही खूण करायचं काम आशाताई आणि अधिकारी दोघांचं आहे. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

दुखण्याच्या गोळ्यांवर स्वतंत्र नजर ठेवा. भांगलणीनं कंबर धरली, गुडघे दुखले की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन येतं आणि महिनोन्‌महिने चालतं. या गोळ्या बी.पी. वाढवतात, बी.पी.च्या गोळीचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. "अंगदुखीवर काय घेता?" हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचाराच. साधी पॅरासिटामॉल ठरल्या मात्रेत त्यापेक्षा बरी. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यालाही थांबवा, त्यानंही बी.पी. चढतं.

वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि साखर तपासा. ईसीजी आणि डोळ्यांची तपासणीही करून घ्या. गावात जमलं नाही तर ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लज भागाला उपजिल्हा रुग्णालय आणि कोल्हापूर शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

मीठ: तक्रार चटणीबद्दल नाही

कोल्हापुरी माणसाला "तिखट बंद करा" असं सांगितलं की तो पुढचं काही ऐकत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मिरचीनं बी.पी. वाढत नाही. वाढतं ते चटणीतल्या मिठानं.

मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. चौघांच्या घराचा हिशेब मांडा: ४ गुणिले ५ गुणिले ३० म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरायला हवा, आणि बाहेरचं खाणं धरलं तर त्याहून जास्त. पुडा फोडला की त्यावर पेनानं तारीख लिहा. बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली तारीख सांगायची. कुणाचा पुडा पंचवीस दिवसांत संपला, ते आपोआप पुढं येतं. लोणच्याचा मोसम असेल तर त्याचं मीठ वेगळ्या पुड्यातलं घ्या, नाहीतर हिशेब बिघडतो.

आता चटणीचा डबा. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून आणतो, त्यात मीठ आधीच असतं. आमटीला फोडणी देताना दोन चमचे चटणी पडते, उकळी आली की सवयीनं वरून मीठ पडतं. एकाच पातेल्यात मीठ दोनदा गेलं. हा क्रम बदला: चटणी घाला, उकळी येऊ द्या, चव बघा आणि मगच लागलं तर मीठ. चटणी करताना मीठ वजन करून घाला आणि आकडा डब्यावर लिहा. समजा तीन किलो चटणीत ३०० ग्रॅम मीठ आहे, तर दहा ग्रॅमच्या चमच्यात एक ग्रॅम मीठ. मग आमटीचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ होतो. मीठ कमी घालायचं तर वर्षाऐवजी तीन-चार महिन्यांचीच चटणी करा, खोबरं आणि कांदा नीट कोरडा होईस्तोवर भाजा, चमचा कोरडाच घाला. नाहीतर बुरशी येते. लोणच्यात मात्र मीठ कमी करू नका, ते नासेल. त्यापेक्षा ताटातली फोड लहान करा.

खर्डा वाटताना मिठाचा खडा निम्मा करा आणि शेंगदाणा, लसूण वाढवा. ज्वारीची भाकरी बिनमिठाची असते. ही आपली जमेची बाजू, ती सोडू नका. मिसळीत मात्र फरसाणाचं मीठ, कटाचं मीठ आणि सोबतच्या ब्रेडचंही मीठ एकत्र येतं. खायची असेल तेव्हा जादा कट मागू नका आणि त्या दिवशी घरच्या जेवणात पापड-लोणचं नको. मटणाच्या दिवशीही तसंच. अळणी रश्श्याचं नाव अळणी असलं तरी मटण शिजवताना मीठ पडलेलं असतं, आणि तांबडा-पांढरा वाटीमागून वाटी प्यायला की पोटात किती गेलं ते कळत नाही. एकेक वाटी घ्या, तुकडे भाकरीशी खा. ताटात मीठ वाढायची पद्धत बंद केली तर घरातल्या सगळ्यांनाच फायदा होतो. दोन-तीन आठवडे जेवण पांचट लागेल, मग जीभ वळते. म्हणून एकदम निम्मं करू नका. आठवड्याला थोडं थोडं उतरवा.

सैंधव मीठ, काळं मीठ बी.पी.ला चालतं हा समज पक्का रुजलाय. तेही जवळजवळ तितकंच सोडियम असलेलं मीठ आहे. कमी सोडियमचं मीठ दुकानात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

तंबाखू, मावा आणि मिश्री यांवर सविस्तर लिहायला वेगळी जागा हवी. एवढं मात्र नक्की: बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसते. "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?" असंच विचारा. दारू जितकी कमी तितकं बी.पी. खाली. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चाललं तर फरक पडतो. रंकाळ्यावर चाला नाहीतर बांधावरून. वजन किलोनं उतरलं की वरचा आकडा साधारण एकानं उतरतो. तालमीत जाणाऱ्यानं बी.पी. चढलेलं असताना श्वास कोंडून जड वजन उचलू नये. आकडा खाली आल्यावर डॉक्टरांना विचारून जोर-बैठका सुरू कराव्यात.

घाईची वेळ

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय गळला, बोलणं अडखळलं, अचानक एका डोळ्यानं दिसेना, छातीत कळ आली किंवा दम कोंडला, तर १०८ लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात. सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात न्यायला सांगा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. जिभेखाली गोळी ठेवून बी.पी. झटक्यात उतरवायचा प्रयत्न तर अजिबात नको, मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो.

तीन महिन्यांचा हिशेब

दर तिमाहीला खोकं रिकामं करून मोजा. समजा ६० कार्डं आहेत. गेल्या तीन महिन्यांत ४० जण आले, त्यातल्या २८ जणांचं शेवटचं बी.पी. १४०/९० च्या आत. आलेल्यांवर हिशेब धरला तर ७० टक्के आटोक्यात, ऐकायला छान. पण भागायचं ते साठानं. उत्तर ४७ टक्के येतं, आणि तेच खरं आहे. उरलेले वीस जण कोण, कुठल्या गल्लीतले, बाप्ये किती, हे लिहून काढा. बऱ्याचदा त्यातले आठ-दहा एकाच वस्तीवरचे निघतात आणि कारण एकच असतं: उपकेंद्र सकाळी उघडतं तेव्हा ते कामावर गेलेले असतात. तिथं महिन्यातून एक संध्याकाळ खोकं घेऊन जा.

पावसाळ्याची पिशवी

नदीकाठच्या गावांना २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवतात. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळच्या गावांतली माणसं घरं सोडून बाहेर पडली, की गोळ्या मागंच राहण्याचा धोका असतो. जुलै लागला की प्रत्येकाकडे महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या आहेत का ते बघा. नसतील तर पुढची तारीख अलीकडं ओढा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला लागलं की गोळ्यांची पाकिटं, कार्डाचा फोटो आणि चष्मा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती जनावरांच्या दाव्यांशेजारी अडकवा. घर सोडताना दावी सोडायला तिथं हात जातोच. आशाताईंनी खोकंही तसंच बांधायचं, आणि निवारा शाळेत पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी त्या दिवसाच्या पुठ्ठ्यामागची कार्डं काढायची.